खडीची खाण बंद झाल्यावर: वन्यजीव सांभाळून जमीन सावरायची कशी

दख्खनच्या माळावर गाव तिथे खाण असतेच. रस्त्याला मुरूम लागतो, स्लॅबला खडी लागते, आणि दोन्ही जवळच्या गायरानातून किंवा पडीक टेकाडावरून येतं. दगड संपला किंवा भाडेपट्टा संपला की क्रशर हलतो आणि मागे वीस-तीस फूट खोल खड्डा उरतो. त्याच्या तिन्ही बाजूंना उभा कातळ, तळाशी हिरवट पाणी, आणि वर कडेला वाऱ्यावर उडणाऱ्या डस्टचे ढीग.

या खड्ड्याचं काय करायचं, असं गावात विचारलं की तीन उत्तरं हमखास येतात: राडारोडा टाकून बुजवा, पाण्यात मासे सोडा, भोवती झाडं लावा. वन्यजीवांच्या दृष्टीने ही तिन्ही उत्तरं बहुतेक वेळा चुकीची ठरतात. राडारोड्याबरोबर कचरा येतो आणि त्याचं पाणी कातळाच्या भेगांतून आसपासच्या विहिरींत उतरतं. मासे बेडकांची पिल्लं खातात. माळावर जिथे गवतच वाढायला हवं तिथे झाडांची गर्दी केली की माळाचे पक्षी निघून जातात. बंद खाणीला खरी गरज असते ती कडा, काठ आणि उतार नीट करून देण्याची. बाकीचं बरंचसं काम पाऊस आणि पाखरं करतात.

ग्रामपंचायत, निसर्ग मंडळ किंवा स्वतःच्या सातबाऱ्यात जुनी खाण असलेला शेतकरी, यांपैकी कुणी पहिल्यांदाच हे काम हाती घेत असेल तर पुढची रीत उपयोगी पडेल. ती बेसॉल्टच्या म्हणजे काळ्या दगडाच्या आणि मुरमाच्या खाणींसाठी आहे. कोकणातल्या जांभ्याच्या चिरेखाणींचं गणित वेगळं असतं.

आधी कागद

जमीन गायरान आहे, वनखात्याची आहे की खासगी, हे सातबाऱ्यावर बघा. भाडेपट्टा खरोखर संपलाय का, याची तहसील कार्यालयात किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे खात्री करा. पट्टा चालू असेल तर जमीन सावरण्याची जबाबदारी पट्टेदाराची असते. पर्यावरण मंजुरीच्या अटी आणि खाण आराखडा माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या (खडी, मुरूम, माती अशा साध्या खनिजाच्या) खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. त्यामुळे त्यानंतरच्या रीतसर पट्ट्याला असे कागद असायला हवेत.

नवखे लोक इथेच एक गोष्ट विसरतात. मुरूम आणि माती हे गौण खनिज आहे. खाणीच्या आतला ढीग आतच सरकवायचा असला तरी तहसीलदारांना लेखी कळवा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. नाहीतर जेसीबी चालू होताच कुणीतरी तक्रार करतं, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली पंचनामा होतो, आणि चांगलं काम वर्षभर अडकून पडतं.

एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा नुसतं बघा

मशीन आणण्याआधी खाणीत कोण राहतं ते कळायला हवं. सोडून दिलेल्या खाणीत पाच-सात वर्षांत बरेच जीव वस्तीला आलेले असतात, आणि घाईघाईने केलेल्या 'सुधारणे'त पहिला बळी त्यांचाच जातो.

उभ्या कातळाची कपार दुर्बिणीतून बघा. खाली पांढऱ्या शिटेचे ओघळ दिसले आणि पायथ्याशी अंगठ्याएवढे राखाडी, केसाळ गोळे सापडले, तर तिथे शृंगी घुबड असण्याची शक्यता मोठी. असा एक गोळा पाण्यात भिजवून काडीने उकला. केसांच्या गुंत्यातून उंदराचा जबडा निघतो, पुढचे दात नारिंगी-पिवळे आणि आत वळलेले, आणि त्याला चिकटलेली काडेपेटीतल्या काडीएवढी मांडीची हाडं. एका गोळ्यात कधीकधी दोन-दोन कवट्या असतात. आसपासच्या ज्वारीच्या शेतकऱ्यांना हा गोळा जरूर दाखवा. घुबडाला अपशकुनी मानणाऱ्या गावातही त्याच्याकडे बघण्याची नजर त्यानंतर बदलते. हे घुबड साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कपारीत किंवा कड्याच्या आडोशाला जमिनीवरच अंडी घालून पिल्लं वाढवतं. या महिन्यांत त्या कड्याजवळ मशीन, ब्रेकर, सुरुंग, फोटोग्राफरांची झुंबड, काहीही नको.

मुरमाच्या किंवा मातीच्या उभ्या भिंतीत लिंबाएवढी गोल भोकं दिसली तर ती वेड्या राघूंची किंवा खंड्याची घरटी. राघूंचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत. बोगदा आत चार-पाच फुटांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून भिंतीच्या माथ्यावरून गाडी गेली तरी तो खचतो.

तळाच्या सपाट खडीवर टिटवी अंडी घालते, मुख्यतः मार्च ते ऑगस्टमध्ये. घरटं म्हणजे नखभर खळगा. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत केलेली, आणि रंग असा की शेजारच्या खड्यांतून ती वेगळी काढणं कठीण. पाऊल टाकण्याआधी पक्ष्याचं वागणं बघा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर तिथेच थांबा आणि आलात त्याच पावलांवर मागे फिरा. रातवाही असाच उघड्या जमिनीवर अंडी घालतो, पण तो ओरडत नाही. अगदी पायाशी आल्यावर उडतो.

ढिगाऱ्यांतली आणि मुरमाच्या कपारींतली मोठी बिळं तपासा. खोकड, तरस, काही भागांत लांडगा. लांडग्यांची पिल्लं हिवाळ्यात बिळात असतात. बिळाच्या तोंडाशी बारीक डस्ट पसरून ठेवली तर सकाळी ठसे स्पष्ट मिळतात. पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटो फिरवू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राण्याची अंडी किंवा घरटं मोडणं हा गुन्हा आहे, मग जमीन कुणाच्याही नावावर असो.

याच वर्षात आणखी एक मोजमाप करून ठेवा. ऑक्टोबरअखेर पाण्याची पातळी जिथे असेल तिथे कातळावर ऑइलपेंटने रेघ मारा. मेअखेर दुसरी रेघ. या दोन रेघांमधलं अंतर पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. ते माहीत नसताना बांधलेला काठ हिवाळ्यात बुडतो किंवा उन्हाळ्यात कोरडा लोंबकळतो.

एक इशारा. कातळात ड्रिलची गोल भोकं दिसली तर त्यांत काडी, गज काही घालू नका. न फुटलेला सुरुंग आत असू शकतो. वायर किंवा कागदी काडतुसासारखं काही दिसलं तर पोलिसांना कळवा आणि त्यांचं काम होईपर्यंत खाणीत कुणालाही उतरू देऊ नका.

बाहेर यायची वाट

सगळ्या कामांत पैसे कमी असतील आणि एकच गोष्ट करता येणार असेल तर ही करा. पाण्याच्या वासाने आलेलं चिंकारा, कोल्हा, गाय, शेळी किंवा पोहायला उतरलेलं पोर खाणीत पडतं तेव्हा त्याला मारतं ते पाणी नव्हे, तर चढता न येणारा काठ. सरळ कातळाला खूर लागत नाही, बोटं लागत नाहीत.

डंपरचा जुना रस्ता शाबूत आहे का ते आधी बघा. बऱ्याच खाणींत जाताजाता तोही दगडासाठी फोडलेला असतो, किंवा पाण्याने मधेच तुटलेला असतो. तुटलेला भाग भरून घेणं हा सर्वांत स्वस्त उपाय. रस्ताच उरला नसेल तर नवा उतार घालावा लागेल.

उतार १:३ धरा, म्हणजे एक फूट चढायला तीन फूट आडवं अंतर. यावर शेळी, हरीण, माणूस सगळे चढतात आणि गवतही टिकतं. १:२ ला माणूस चढतो, पण पहिल्याच मोठ्या पावसात मुरमाला घळी पडतात.

आता ब्रासचं गणित (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खाण २० फूट खोल आणि उतार वरच्या बाजूला १२ फूट रुंद हवा, असं धरू. लांबी ६० फूट. मधला गाभा: ६० × २० × १२ भागिले २, म्हणजे ७,२०० घनफूट, ७२ ब्रास. पण ढिगाच्या दोन्ही कडा उभ्या राहत नाहीत, त्या १:१.५ ने पसरतात आणि प्रत्येक कड साधारण ६० ब्रास खाते. उतार खाणीच्या मधोमध घातला तर एकूण १९२ ब्रास लागतात. तोच एका भिंतीला चिकटवून घातला तर एक कड वाचते आणि १३२ ब्रासमध्ये काम होतं. म्हणून उतार नेहमी भिंतीलगत घ्यायचा, फक्त ती भिंत घुबडाची किंवा राघूंची नसावी. सैल भरलेला मुरूम नंतर बसतो, तेव्हा हिशोबात पाचवा हिस्सा जास्त धरा.

भरावासाठी खाणीतलाच टाकाऊ माल वापरा: वरचा काढून टाकलेला मुरूम, मांजऱ्या (कच्चा, मऊ दगड), मोठे नापास दगड. मोठे दगड तळाला, मुरूम वर. एक ते दीड फुटाचा थर पसरून पाणी मारून दाबा आणि मग पुढचा थर घाला. एकदम लोटून दिलेला ढीग बाहेरून उतारासारखा दिसतो, पण जुलैत मधूनच बसतो. नुसत्या क्रशर डस्टचा उतार करू नका. ती कोरडी असताना वाहते आणि भिजली की घट्ट बसून गुळगुळीत होते.

उतार पाण्याच्या मेमधल्या रेघेखालीही दोन-तीन फूट गेला पाहिजे. फक्त ऑक्टोबरच्या पातळीपर्यंत नेला, तर जनावरांना पाण्याची सर्वांत जास्त गरज असते त्या महिन्यांत पाणी आणि उताराचं टोक यांच्यामध्ये कडा उरतो.

कुठला कडा ठेवायचा, कुठला मोडायचा

सगळ्या बाजू उताराच्या केल्या की खाण सुरक्षित होते खरी, पण माळावर एरवी न मिळणारी गोष्ट, उंच उभा कातळ, जाते. निदान एक बाजू ठेवाच. घुबड, पाकोळ्या, कधी ससाणा तिथेच येतात. ठेवलेल्या कड्यावरचे सैल दगड पोकलेनवाल्या जाणकाराकडून वरून काढून घ्या, तेही मे ते ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडलेला असताना. माथ्यापासून दहा फूट मागे चार फूट उंच मुरमाचा बांध आणि त्याच्या बाहेर चर घ्या. बांधावर बोरी-हिवराच्या काटक्या रोवा. तारेचं कुंपण नको. अंधारात पळणारं हरीण तारेत अडकतं, आणि तार चोरीलाही जाते. बांध उताराच्या तोंडाशी मात्र मोकळा सोडा, म्हणजे जनावरं आपोआप त्या वाटेला लागतात.

मुरमाच्या आणि मातीच्या बाजूंना सहा-आठ फुटांच्या उभ्या भिंती धोकादायक असतात, त्या खचतात. त्यांना ४५ अंशांहून कमी उतार द्या, किंवा पायऱ्या काढा: उंची दीड मीटरच्या आत, रुंदी उंचीहून कमी नाही. यातला वीस-पंचवीस फूट लांबीचा एक तुकडा वेड्या राघूंसाठी उभा सोडायचा. उंची पाच-सहा फूट, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, म्हणजे नैऋत्येचा पाऊस थेट भिंतीवर येत नाही. पायथा पाण्यापासून लांब हवा. भिंतीत मोठे गोटे असतील तर राघू ती सोडून देतात. त्यांना खणता येईल असा मऊ, पण ढासळणार नाही असा थर लागतो.

पाण्याचा काठ

खोल खाणीतलं पाणी वरून सुंदर दिसतं आणि आतून जवळपास ओसाड असतं. सूर्यप्रकाश तळाशी पोचत नाही, वनस्पतीला मूळ धरायला काठ नाही, बगळ्याला उभं राहायला जागा नाही. जीव असतो तो पहिल्या दोन फूट खोलीत. ती दोन फूट खोली जितकी लांबवर पसरवाल तितकं जग वाढतं.

म्हणून आपल्या दोन रेघांच्या मध्ये, जिथे मुरूम भरता येईल त्या बाजूला, १:८ ते १:१० इतका मंद उतार करा. पाणी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मागे हटत जातं आणि दर आठवड्याला ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते. तुतारी, धोबी, ढोकरी हे पक्षी तिथे चरतात. काठ सरळ रेषेत न ठेवता आत-बाहेर वळवा. लव्हाळा आणि पाणकणीस बहुतेक वेळा आपोआप येतात. पाणकणसाने अर्ध्याहून जास्त काठ धरला तर फेब्रुवारीत काही भाग मुळासकट उपटून टाका.

बेडकांसाठी वेगळी सोय करावी लागते. मोठ्या पाण्यापासून दूर, वरच्या पायरीवर, दहा-बारा फूट लांबीचे आणि मध्ये दीड फूट खोल असे तीन-चार उथळ खळगे करा. ते जूनमध्ये भरावेत आणि हिवाळ्यात आटावेत. आटणारं पाणी म्हणजे वाया गेलेलं काम, असं नव्याने आलेल्या माणसाला वाटतं. पण आटतं म्हणूनच तिथे मासा टिकत नाही, आणि मासा नाही म्हणून बेडकाची पिल्लं वाचतात. खळगा सलग दीड-दोन महिने ओला राहिला की पुरे. खाली भेगा असतील तर चार बोटं पोयट्याचा थर तुडवून बसवा. प्लास्टिक नको.

मोठ्या पाण्यात गप्पी, गंबुसिया, चिलापी किंवा बंदी असलेला आफ्रिकन मांगूर कुणी सोडणार नाही यासाठी ठरावातच एक ओळ घाला. गणपतीच्या मूर्ती आणि निर्माल्य यांसाठी पंचायतीने वेगळा हौद ठेवला तर खाण वाचते. जलपर्णीचं एक रोप दिसलं तरी त्याच दिवशी काढा.

माती आणि गवत

माळाची माती मुळातच पातळ, चार-सहा इंच. पण त्या चार इंचांत बी, कंद, मुंग्या, वाळवी सगळं असतं. खाण सुरू होतानाच ती वेगळी काढून ठेवली असेल तर तुम्ही नशीबवान. एका एकरावरून चार इंच माती काढली तर १४५ ब्रास भरते. ढीग सहा फुटांहून उंच नको. खालची माती गुदमरते. एक-दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या मातीतलं बी बहुतेक मरतं, तेव्हा ढिगावर ताग पेरून ती धरून ठेवावी.

माती उरलीच नसेल तर तलावातला गाळ आणण्याचा मोह होतो. जपून. गाळ सुपीक असतो आणि सुपीक जमिनीवर पहिल्या पावसात गाजर गवत उठतं; माळाचं गवत मागे पडतं. कुसळी, डोंगरी, शेडा ही गवतं हलक्या मुरमाड जमिनीतच इतरांना हरवतात. गाळ वापरायचाच तर एक भाग गाळाला चार भाग बारीक मुरूम, आणि थर तीन इंचांपेक्षा जाड नको. बेशरमीच्या काड्या चाळून काढा.

पसरण्याआधी खाली दबलेला मुरूम फोडायलाच हवा. डंपरखाली तो इतका बसलेला असतो की पहार उसळते. पोकलेनच्या दात्याने फूटभर खोल चऱ्या, उताराला आडव्या. जिथे तळ अखंड कातळच आहे तिथे काही करू नका. ती जागा टिटवी, सरडे आणि सापसुरळ्यांची.

बी आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या माळावरून, मालकाला विचारून, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरमध्ये गोळा करा: पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल, कुसळी. नुकतंच गोळा केलेलं ताजं बी नीट उगवत नाही असा अनुभव बऱ्याच गवतांत येतो. पाच-सहा महिने गोणपाटात, कोरड्या जागी ठेवलेलं चांगलं उगवतं. बी हलकं आणि केसाळ असल्याने वाऱ्यावर जातं, म्हणून गोळ्या करा. एक भाग बी, तीन भाग चाळलेली माती, एक भाग शेण, एक भाग बारीक वाळू, मळण्यापुरतं पाणी. हरभऱ्याएवढ्या गोळ्या सावलीत वाळवा. एकरी तीन-चार किलो बी पुरतं. मेअखेर पसरा, मातीत अर्ध्या इंचाहून खोल गाडू नका.

पहिल्या वर्षी उतार विरळ आणि केविलवाणा दिसतो. गुरं घातलीत तर कोवळी रोपं मुळासकट जातात, म्हणून निदान दोन पावसाळे चराईबंदी हवी, आणि ती गुराख्यांशी बसून ठरलेली हवी. गवत कापून न्यायला परवानगी द्या, ऑक्टोबरनंतर, बी झडल्यावर. ज्याला चारा मिळतो तोच वणवा विझवायला धावतो.

झाडं थोडीच. बोर, हिवर, पळस, खैर, तरवड, हेंकळ, करवंद यांचे झुबके चर आणि बांधाच्या कडेने, एकरी वीस-पंचवीस पुरेत. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावू नका. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाखाली गवत कसं विरळ होतं ते कुणीही जाऊन बघू शकतं. त्याच वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणीच्या पाण्याशी पक्ष्यांची किती वर्दळ असते, तेही त्याच फेरीत बघून या. वेडी बाभूळ आणि घाणेरी उगवली तर पहिल्या पावसात, हाताने उपटता येते तेव्हाच काढा.

खाण चालूच असेल तर

पट्टेदाराशी बोलून तीन गोष्टी जमतात आणि त्यांना फारसा खर्च नाही. जानेवारीअखेरपर्यंत क्रश सँड आणि मातीच्या ढिगांच्या उभ्या कडा लोडरने मोडून उताराच्या करायच्या. नाहीतर राघू त्यांत बोगदे खणतात आणि एप्रिलमध्ये पिल्लांसकट ढीग ट्रकमध्ये जातो. त्यांच्यासाठी बाजूला एक न हलणारी भिंत राखून ठेवायची. ज्या कड्यावर घुबड बसलंय तिथलं काम हंगामापुरतं दुसऱ्या तोंडावर न्यायचं. आणि क्रशर, रस्ता यांवर पाणी मारायचं. पानांवर डस्टचा थर बसला की आसपासच्या तुरीचा फुलोरा आणि माळाचे किडे दोन्ही घटतात.

पुढची तीन वर्षं

दर जूनच्या मोठ्या पावसानंतर उताराचा फेरा घ्या. बोटभर घळ दिसली तर दगडांची आडवी ओळ लावून त्याच दिवशी बंद करा. ऑगस्टपर्यंत ती कमरेएवढी होते. ऑक्टोबर आणि मेच्या रेघा मारत राहा, शेजारी वर्ष लिहा. राघूंची भिंत दर जानेवारीत कुदळीने एक वीत आत तासून पुन्हा उभी करा, पायथ्याची ढासळलेली माती उचला. जुनी भोकं गेली म्हणून हळहळू नका. ते दरवर्षी बहुधा नवीनच खणतात, आणि ताज्या कापलेल्या भिंतीवर फेब्रुवारीत पहिली चोच लागलेली दिसते.